जुन्या बाग-ट्रॅक्टरांचा जीर्णोद्धार

छंद म्हटला म्हणजे टपालाची तिकिटे, जुनी नाणी, फार तर गुलाबाची कलमे, एवढेच सामान्यतः डोळ्यांपुढे येते. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात, म्हणजे विस्कॉन्सिन, इंडियाना, इलिनॉय, ओहायो या राज्यांत, मात्र असा एक छंद रुजला आहे की ज्यात माणसाचे हात कोपरापर्यंत काळे होतात आणि ज्यातील संग्रह कपाटात न मावता गोदामात ठेवावा लागतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे, गंजून निरुपयोगी ठरलेले, बागेत चालविण्याचे लहान ट्रॅक्टर विकत घ्यावयाचे. त्यांचा सांधा न् सांधा सुटा करावयाचा. झिजलेले भाग बदलावयाचे, शाबूत असतील ते धुऊनपुसून पुन्हा बसवावयाचे. आणि मोडीत जाणारे ते यंत्र पुन्हा जमीन नांगरू लागेल असे करावयाचे, असे या छंदाचे स्वरूप आहे. ट्रॅक्टर विकत घेण्यास जेवढे पैसे लागतात त्याहून अधिक पुष्कळदा दुरुस्तीत जातात, आणि नीट झालेले यंत्र विकावयास काढले तर झालेला खर्च क्वचितच भरून येतो. हे पुरते ठाऊक असूनही माणसे या कामात रमतात, याचे कारण काय असावे? हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. त्याचे उत्तर शोधू गेल्यास यंत्र आणि यंत्राचा मालक यांच्या नात्याविषयी पुष्कळ काही हाती लागते.

प्रथम बाग-ट्रॅक्टर म्हणजे काय ते पाहू. शेतावरच्या ट्रॅक्टरचा तो धाकटा भाऊ. त्याची शक्ती बहुधा सात ते वीस अश्वशक्तीच्या दरम्यान असते, आणि एक-दोन एकरांच्या घरगुती जमिनीसाठी तो बनविलेला असतो. अंगणातील हिरवळ कापण्याचे जे हलके, बसून चालविण्याचे यंत्र आता सर्वत्र मिळते, त्याहून तो वेगळा समजला पाहिजे. त्या यंत्राचा सांगाडा बहुतेक पत्र्याचा असतो आणि गवत कापण्यापलीकडे त्याला फारसे काम झेपत नाही. खऱ्या बाग-ट्रॅक्टरची चौकट जाड पोलादाची असते, गिअरांची पेटी बिडाची असते, आणि त्याला मागे एका तासाचा नांगर किंवा कुळव, पोटाखाली गवत कापण्याची पाती, पुढे हिवाळ्यात बर्फ सारण्याचा फाळ, अशी नाना अवजारे जोडता येतात. वजनदार बांधणी आणि अनेक कामांची पात्रता हे दोन गुण ध्यानात ठेवले म्हणजे पुढची सारी हकीकत समजणे सोपे जाते.

या यंत्राचा उगम मोठ्या कारखान्यात झालेला नाही. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील बेंजामिन फ्रँकलिन ग्रेव्हली हा गृहस्थ व्यवसायाने छायाचित्रकार होता. बागेत फावडे मारण्याचा त्याला कंटाळा आला, तेव्हा त्याने जुन्या मोटारसायकलचे भाग जोडून एका चाकाचा, हातांनी धरून चालविण्याचा यांत्रिक नांगर तयार केला आणि १९१६ साली त्याचे पेटंट मिळविले. पुढे डनबर या गावी त्याचा कारखाना उभा राहिला. इंडियाना राज्यातील साउथ बेंड या शहरात एल्मर पाँड आणि त्याचा मुलगा सेसिल यांनी दुसरे महायुद्ध संपताच घरच्या मोटारखान्यात लहान ट्रॅक्टर बांधावयास आरंभ केला. त्यांच्या ट्रॅक्टरला ‘व्हील हॉर्स’ हे नाव मिळाले. अनेक घोडे जुंपलेल्या गाडीत चाकाला सर्वांत जवळचा जो घोडा असतो त्याला इंग्रजीत हे नाव आहे, आणि गाडीचा भार मुख्यतः त्याच्याच अंगावर येतो. बेळगावच्या वाचकांस या हकीकतीचे फारसे नवल वाटू नये. त्यांच्याच शहरात लक्ष्मणराव किर्लोस्करांचे सायकलींचे दुकान होते, त्या दुकानामागून लोखंडी नांगरांचा उद्योग आला, आणि त्यातूनच १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. दुरुस्ती करता करता निर्मितीकडे जाण्याची वाट दोन्ही देशांत एकच आहे.

या ट्रॅक्टरांना गिऱ्हाईक मोठ्या प्रमाणावर मिळाले ते युद्धानंतर. १९४४ साली अमेरिकेत परतणाऱ्या सैनिकांसाठी जो कायदा झाला, त्यामुळे त्यांना शिक्षणासाठी साहाय्य आणि घरासाठी सरकारी हमीचे कर्ज मिळू लागले. शहरांभोवती नव्या वसाहती झपाट्याने उभ्या राहिल्या. शेती सोडून कारखान्यात किंवा कचेरीत गेलेल्या माणसाला आता स्वतःचे घर आणि घरामागे थोडी जमीन लाभली. तेवढ्या जमिनीसाठी घोडा पोसणे परवडणारे नव्हते, आणि मोठा ट्रॅक्टर तिथे वळलाही नसता. शिवाय या माणसांपैकी अनेकांनी सैन्यात ट्रकची, जीपची अथवा विमानांची यंत्रे हाताळलेली होती. पाना हातात धरण्याचा त्यांना संकोच नव्हता. गिऱ्हाइकाची ही तयारी कारखानदारांनी ओळखली, आणि त्या काळच्या यंत्रांवर तिची खूण स्पष्ट उमटलेली दिसते.

मोठ्या कंपन्या थोड्या उशिरा या क्षेत्रात उतरल्या. इंटरनॅशनल हार्वेस्टर या प्रख्यात कंपनीने १९६० साली केंटकी राज्यातील लुइव्हिल येथील कारखान्यातून ‘कब कॅडेट’ हा सात अश्वशक्तीचा ट्रॅक्टर बाहेर काढला. ‘फार्मॉल कब’ या आपल्याच लहान शेत-ट्रॅक्टरच्या गिअरपेटीची घडण तिने त्याकरिता उपयोगात आणली. या पहिल्या नमुन्याचे सुमारे ६५ हजार ट्रॅक्टर तीन-चार वर्षांत तयार झाले, आणि त्यांतील कितीतरी आजही चालू आहेत. जॉन डीअर कंपनीने विस्कॉन्सिनमधील होरिकॉन येथे ११० क्रमांकाचा आपला पहिला बाग-ट्रॅक्टर १९६३ साली बनविला. त्याच राज्यातील पोर्ट वॉशिंग्टन या एका लहानशा गावातून सिम्प्लिसिटी आणि बोलेन्स अशा दोन कंपन्यांचे ट्रॅक्टर देशभर जात असत. यांतील इंटरनॅशनल हार्वेस्टर हे नाव महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. त्याच कंपनीने १९६३ साली महिंद्र अँड महिंद्र आणि व्होल्टास यांच्या भागीदारीत मुंबईस इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली, आणि तिच्या बी-२७५ या ट्रॅक्टरने आपल्याकडची पुष्कळ रानेही नांगरली.

कालांतराने या उद्योगाचे रूप पालटले. सिम्प्लिसिटी १९६५ साली ॲलिस-चामर्स कंपनीकडे गेली. कब कॅडेटचा विभाग १९८१ साली एम.टी.डी. कंपनीने घेतला, व्हील हॉर्स १९८६ साली टोरो कंपनीने विकत घेतली. जड बीड आणि जाड पोलाद वापरणे महाग पडू लागले, घरामागची भाजीची वाफे जाऊन नुसती हिरवळ राहिली, आणि हलक्या यंत्रांनी बाजार व्यापला. जुने ट्रॅक्टर गोदामांच्या मागे, झाडांखाली, ताडपत्रीत गुंडाळलेले किंवा उघड्यावर पडून राहिले. ते तसे पडून राहिले, पण पूर्णपणे नष्ट झाले नाहीत. छंदाचा आरंभ इथूनच होतो.

उघड्यावर वीस-वीस वर्षे पडलेले यंत्र पुन्हा चालू होते, हे ऐकताना चमत्कार वाटतो. त्यात चमत्कार काहीच नाही, बांधणीची युक्ती आहे. या ट्रॅक्टरांपैकी अनेकांवर कोहलर कंपनीचे ‘के’ मालिकेतील इंजिन बसविलेले असे. हे एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे, पेट्रोलवर चालणारे इंजिन आहे, आणि त्याचे सिलिंडर ज्या ठोकळ्यात असते तो सबंध ठोकळा बिडाचा असतो. पिस्टनच्या घर्षणाने सिलिंडरची आतील भिंत झिजली, तर ती यंत्रशाळेत कातून किंचित रुंद करता येते. त्या रुंदीसाठी मूळ मापाहून दहा, वीस आणि तीस सहस्रांश इंचांनी मोठे पिस्टन कंपनीनेच तयार केलेले असत. याचा अर्थ असा की, हे इंजिन झिजणार आणि कोणीतरी ते पुन्हा नीट करणार, हे ते बनविणाऱ्याने प्रथमपासून गृहीत धरले होते. एकदा नव्हे, तीन वेळा नीट करता येईल एवढी भिंतीची जाडी त्याने मुद्दाम राखून ठेवली. जो माणूस अजून जन्मलाही नसेल अशा दुरुस्ती करणाऱ्याची ही केवढी काळजी!

प्रत्यक्ष कामाला हात घालण्यापूर्वी जाणता छांदिष्ट प्रथम यंत्राची ओळख पटवितो. ट्रॅक्टरच्या अंगावर अनुक्रमांकाची एक लहान पट्टी असते. तिच्यावरून नमुना आणि पुष्कळदा वर्षही कळते. मग त्या नमुन्याचे सुट्या भागांचे पुस्तक मिळवावयाचे. या पुस्तकात यंत्राचा प्रत्येक भाग जणू हवेत विलग करून, ज्या क्रमाने तो बसतो त्याच क्रमाने, चित्रांत दाखविलेला असतो. वाचता येणाऱ्या कोणाही माणसाला यंत्र उघडता यावे, अशाच हेतूने ती काढलेली आहेत. जे सुटे करावयाचे त्याचे आधी छायाचित्र घ्यावयाचे, नट-बोल्ट निरनिराळ्या डब्यांत चिठ्ठ्या लावून ठेवावयाचे, हा शिरस्ता येथे फार महत्त्वाचा मानतात. यंत्र सोडविण्यास एक दुपार पुरते. ते जोडावयास घेईपर्यंत कधी कधी हिवाळा उलटतो, आणि तेवढ्या काळात माणसाची स्मृती दगा देते.

नंतर रोगनिदान. पेट्रोलचे इंजिन चालण्यास तीन गोष्टी लागतात: सिलिंडरमध्ये हवेच्या मिश्रणावर पुरेसा दाब, योग्य प्रमाणात इंधन, आणि योग्य क्षणी ठिणगी. तिन्हींपैकी काय नाही हे शोधावयाचे. पण त्याआधी इंजिन हाताने फिरते का ते पाहावे लागते, कारण पावसाचे पाणी आत शिरून पिस्टन सिलिंडरला गंजाने चिकटून बसलेला असण्याचा संभव फार. अशा वेळी अधीर माणूस लोखंडी हातोडा उचलतो आणि पिस्टन फोडून बसतो. अनुभवी माणूस प्लग काढून त्या छिद्रातून गंज सोडविणारे पातळ तेल ओततो आणि वाट पाहतो. एक दिवस, आठ दिवस, प्रसंगी महिनाभर. रोज थोडे तेल घालावयाचे आणि फ्लायव्हील हाताने किंचित मागे-पुढे हलवून पाहावयाचे. तेवढ्याने भागले नाही तर सिलिंडरचे डोके उतरवून, पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून, त्यावर बेताने ठोके द्यावयाचे. एके दिवशी केसाच्या जाडीइतकी हालचाल होते, आणि तिथून पुढचे काम सोपे असते.

ठिणगीचे प्रकरण त्या मानाने सुगम आहे. आजच्या इंजिनांत हे काम बंदिस्त विद्युत्‌मंडलाकडे असते. जुन्या इंजिनांत ते ‘पॉइंट’ नावाच्या दोन लहानशा संपर्क-बिंदूंकडे असे. इंजिनातील एक दांडी ठराविक क्षणी हे बिंदू विलग करते. त्याबरोबर कॉइलमधील प्रवाह तुटतो आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते. कोहलरच्या या इंजिनांत बिंदूंमधील अंतर वीस सहस्रांश इंच असावे लागते. पातळ पोलादी पट्ट्यांच्या मापकाने ते पाहावयाचे, स्क्रू फिरवून कमी-जास्त करावयाचे, आणि बिंदूंवर काजळी धरली असेल तर ती साफ करावयाची. कंडेन्सर बिघडला असेल तर तो थोड्या पैशांत मिळतो. कित्येक ट्रॅक्टर ‘मेले’ म्हणून मालकांनी टाकून दिले, आणि या दोन बिंदूंवरची काजळी पुसताच ते पुन्हा बोलू लागले, असा या मंडळींचा अनुभव आहे.

दाब मोजतानाही असाच एक चकवा आहे. अनेक इंजिनांत सुरू करण्याचे श्रम वाचावेत म्हणून अशी योजना असते की, चक्र सावकाश फिरत असता बाहेर सोडणारी झडप किंचित उघडी राहावी आणि वेग आल्यावर ती पुरती मिटावी. हे ज्याला माहीत नाही तो मापकावर कमी दाब पाहून चांगले इंजिन भंगारात काढतो. यंत्राने जे सांगितले ते ऐकण्यापूर्वी ते तसे का सांगते आहे हे समजून घ्यावे लागते, आणि या छंदाची अर्धीअधिक विद्या यातच आहे.

इंधनाच्या बाबतीत मात्र नव्या काळाने नवी अडचण आणली आहे. अमेरिकेतील बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, जुन्या प्रकारच्या रबराला आणि बुचाला मऊ पाडते, आणि वापराविना टाकीत राहिलेले पेट्रोल काही महिन्यांत कार्बुरेटरच्या सूक्ष्म छिद्रांत चिकटा धरते. म्हणून कार्बुरेटर सुटा करून त्याची प्रत्येक वाट द्रावणाने आणि दाबाच्या हवेने मोकळी करावयाची, जुन्या नळ्या काढून इथेनॉलला टिकणाऱ्या नव्या घालावयाच्या, आणि मोसम संपताच टाकी रिकामी करावयाची, हा आता नित्याचा नियम झाला आहे. भारतातही २०२५ साली पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोचले. तेव्हा ज्यांच्या घरी जुनी स्कूटर किंवा पेट्रोलवर चालणारा जुना पंप आहे, त्यांना हा नियम उपयोगी पडण्यासारखा आहे.

इंजिनाखालोखाल महत्त्वाची गिअरांची पेटी. बिडाच्या या पेटीत गिअर जाड तेलात बुडालेले असतात आणि त्यांची झीज फार थोडी होते. त्यांचा वैरी पाणी. गिअर बदलण्याची दांडी जिथून पेटीत शिरते तिथले रबर फाटले की पावसाचे पाणी हळूहळू आत उतरते आणि तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी साठते. तेल काढले असता ते दुधाळ दिसले, तर पाणी शिरल्याचे निश्चित समजावे. त्या प्रदेशातील कडक हिवाळ्यात हे पाणी गोठते, आणि गोठताना पसरून बिडालाही तडा देऊ शकते. एवढ्या मोठ्या नुकसानीच्या मुळाशी रबराचा एक क्षुल्लक तुकडा असतो, ही गोष्ट यंत्रापुरतीच खरी आहे असे नाही.

आता गंज. पत्र्याचे आणि लोखंडाचे भाग स्वच्छ करण्याची एक सोपी रीत या मंडळींत रूढ आहे. मोठ्या प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी घेऊन त्यात धुण्याचा सोडा विरघळवितात. बॅटरी भारित करण्याच्या यंत्राचा ऋण ध्रुव गंजलेल्या भागाला, आणि धन ध्रुव टाकाऊ लोखंडाच्या तुकड्याला जोडतात. प्रवाह सुरू होताच भागावर बुडबुडे दिसू लागतात, आणि एका रात्रीत गंज सुटून चिखलासारखा खाली बसतो; चांगल्या धातूला इजा होत नाही. मात्र यात दोन धोके आहेत. निघणारा वायू हायड्रोजन असल्यामुळे हे काम मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर करावे लागते. आणि टाकाऊ तुकडा म्हणून न गंजणारे पोलाद कधीही वापरावयाचे नसते, कारण त्यातील क्रोमियमचे विषारी संयुग पाण्यात उतरते. जुना रंग खरवडतानाही सावध राहावे लागते. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ साली बंदी आली. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असू शकते, आणि त्याची धूळ लहान मुलांना विशेष घातक. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत आणि गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. म्हणून तोंडाला योग्य मुखवटा बांधून, पृष्ठभाग ओला ठेवून काम करणे आणि कामाचे कपडे घरात न नेणे, हे शहाणपणाचे समजले जाते.

इतके झाल्यावर रंगाचा प्रश्न येतो, आणि तिथे छांदिष्टांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, ट्रॅक्टर कारखान्यातून निघाला तेव्हा जसा होता तसाच तो दिसला पाहिजे. कब कॅडेट पिवळा-पांढरा, व्हील हॉर्स लाल, जॉन डीअर हिरवा-पिवळा. अक्षरांची पट्टी देखील मूळच्या जागीच हवी, बोल्टांच्या डोक्यांवरची खूणही जुन्याच तऱ्हेची हवी. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे निराळे. यंत्राची अंतर्गत दुरुस्ती पुरती करावी, पण त्याच्या अंगावरचा उडालेला रंग, पावलाने झिजलेली पायपट्टी, कोणा मालकाने तुटलेल्या कानाला घातलेले ओबडधोबड वेल्डिंग, हे सारे तसेच राहू द्यावे. यंत्र नवे अनेकदा करता येते, परंतु त्याची मूळ अवस्था एकदा खरवडून टाकली की ती परत आणता येत नाही. जुन्या चर्चच्या किंवा देवळाच्या जीर्णोद्धाराच्या वेळी जो वाद होतो, त्याच जातीचा हा वाद आहे. गोव्यातील वाचकांना त्याची कल्पना सहज येईल. प्राचीन वास्तू चकचकीत करावी की तिचे वय तिच्या अंगावर राहू द्यावे, याचा निर्णय करताना तेथेही मने दुभंगतात. या दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर मात्र एकमत आहे: यंत्र चालले पाहिजे. न चालणारा ट्रॅक्टर कितीही सुंदर रंगविला तरी त्याला या मंडळींत मान नाही.

तो चालतो याची परीक्षा नांगरणीत होते. वसंतात आणि शरदात एखाद्या शेतकऱ्याच्या रानात हे लोक आपापले ट्रॅक्टर घेऊन जमतात आणि दिवसभर एका तासाचे नांगर चालवितात. तास सरळ पडला की वाकडा, माती नीट उलथली की नाही, यावर चर्चा चालतात. एखाद्याचा पट्टा तुटला तर शेजारी आपल्या पेटीतला काढून देतो. कोणी सेवानिवृत्त कामगार असतो, कोणी शिक्षक, कोणी लोहार, कोणी बारा-चौदा वर्षांचा मुलगा. त्या मुलाला लाभणारे शिक्षण पाहण्यासारखे असते. अंतर वीस सहस्रांश इंच म्हणजे किती, दाब वाढला की मिश्रण का तापते, बीड ठिसूळ का आणि पोलाद लवचीक का, हे सर्व तो पुस्तकात वाचण्यापूर्वी बोटांनी शिकतो. चूक झाली तर यंत्र चालत नाही, एवढीच शिक्षा. आणि चूक सुधारली की ते चालते, यासारखे बक्षीस नाही. जुन्या यंत्रांना उलटण्यापासून संरक्षण देणारी चौकट नसते आणि फिरत्या भागांवरची आच्छादनेही अपुरी असतात. म्हणून ढगळ कपडे घालावयाचे नाहीत, चालू यंत्राखाली हात घालावयाचा नाही, उतारावर आडवे जावयाचे नाही, हे धडेही त्याच रानात मिळतात.

या छंदाला अलीकडे जे गांभीर्य आले आहे त्याचे कारण मात्र बागेबाहेरचे आहे. आजच्या मोठ्या शेत-ट्रॅक्टरांत संगणकाचे नियंत्रण असते. एखादा संवेदक बिघडला तर नवा बसविणे शेतकऱ्याला अवघड नसते. परंतु तो भाग यंत्राने ‘ओळखावा’ यासाठी लागणारी संगणकीय साधने विक्रेत्याच्या हाती असतात. कापणीच्या दिवसांत विक्रेत्याचा माणूस येईपर्यंत यंत्र उभे, आणि पीकही उभे. यावरून अमेरिकेत मोठे आंदोलन झाले. २०२३ च्या जानेवारीत जॉन डीअर कंपनीने अमेरिकन फार्म ब्युरो फेडरेशन या शेतकरी-संघटनेशी दुरुस्तीच्या साधनांविषयी करार केला. त्याच वर्षी कोलोरॅडो राज्याने शेतीच्या यंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क मालकांना देणारा कायदा केला, आणि १ जानेवारी २०२४ पासून तो अमलात आला. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रश्नावरून त्या कंपनीवर दावा दाखल केला. कंपनीने आरोप नाकारले. भारतातही ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, आणि तिने प्रथम विचारात घ्यावयाच्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे धरली.

नव्या यंत्रांची बाजूही येथे सांगितली पाहिजे. ती इंधन कमी जाळतात, धूर कमी सोडतात, चालविणाऱ्याचा जीव अधिक जपतात. साठ वर्षांपूर्वीचा ट्रॅक्टर सर्व बाबतींत श्रेष्ठ होता असे म्हणणे हा निव्वळ भाबडेपणा होईल. परंतु संगणक असणे आणि यंत्र मालकाला बंद असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट विज्ञानाच्या प्रगतीने आली. दुसरी माणसांनी ठरवून आणली, आणि माणसांनी ठरविलेले माणसांना बदलता येते. जुन्या बाग-ट्रॅक्टरांचे खरे मोल येथे प्रत्ययास येते. मालकाला उघडता येईल असे यंत्र बनविणे शक्य होते, ते बनविले गेले होते, आणि त्यावर कारखानेही चालले होते, याचा तो चालता-बोलता पुरावा आहे.

आपल्याकडे असा छंद अद्याप फारसा रुजलेला नाही, आणि त्याचे एक कारण असे की दुरुस्ती हा आपल्याकडे छंद नसून गरज होती. विहिरीवरचे ऑइल इंजिन, शिलाईचे यंत्र, सायकल, घड्याळ, यांची दुरुस्ती करणारा माणूस गावोगाव असे, आणि त्याच्या हाताखाली पोरे तयार होत. ती विद्या पुस्तकांत लिहिली गेली नाही. ती हातातून हातात गेली. टाकून देणे स्वस्त झाले की अशी विद्या एका पिढीत नाहीशी होते, आणि नाहीशी झाल्याची नोंदही राहत नाही. विस्कॉन्सिनमधील गोदामात हिवाळ्याच्या रात्री गंजलेल्या बोल्टवर तेलाचा थेंब सोडणारा माणूस यंत्राबरोबर ही विद्याही जतन करीत असतो. नफ्यातोट्याच्या हिशेबात त्याचा खर्च भरून येत नाही हे खरे. पण ज्याने तीस सहस्रांश इंचांची भिंत पुढच्या माणसासाठी शिल्लक ठेवली, त्या अनोळखी कारागिराचा विश्वास तो सार्थ करतो. आणि आपल्यानंतर कोणीतरी हेच यंत्र पुन्हा उघडील, या भरवशाने प्रत्येक बोल्ट बसविण्यापूर्वी त्याच्या आट्यांना थोडे ग्रीस लावून ठेवतो.